बोंबलाचं माप

आमचे शेजारी दामूअण्णा शाळेत शास्त्र शिकवायचे, कांदा-लसूणही खायचे नाहीत, आणि दर आठवड्याला घोडेगावच्या बाजारात जाऊन शिंप्याच्या टेपने सुके बोंबील मोजायचे.

"मास्तर, सदरा शिवनार हाय का त्याला?" बोंबीलवाली गिऱ्हाइकांदेखत विचारायची.

अण्णा शेपटीशी टेप धरून शांतपणे म्हणायचे, "बाई, समुद्राची नाडी बघतोय."

त्यांचं म्हणणं असं, की जाळी बारीक विणीची झाली, पिल्लंसुद्धा ओढली जातात, मोठा व्हायला मासा उरतोच कुठे? बोंबील आखूड होत चालला म्हणजे समुद्र रिकामा होत चालला. "पिल्लं काढतायत हो, पिल्लं!" हे मला त्यांनी अंघोळीच्या पंच्यावर गाठूनही ऐकवलंय. आमच्याकडे प्यायच्या पाण्याची मारामार, आणि हे समुद्राच्या काळजीत!

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली तेव्हा मात्र स्वारी खुशीत होती. लढाईत कितीतरी होड्या किनाऱ्यालाच बसून होत्या. माशांना वाढायला सवड मिळाली असणार. आता ते मापात दिसायला हवं! नेमका तेव्हाच अण्णांना ताप भरला आणि बाजाराची कामगिरी माझ्यावर आली.

मी ऐटीत पिशवी त्यांच्यापुढे ओतली. अण्णांनी एक मोजला, दुसरा मोजला आणि तापातच उठून बसले. "वाढलेत रे! समुद्र सावरला!" मग एकदम थबकले. "हाताला येतील तेच उचललेस ना?"

"छे! वांगी घेतो तसे एकेक पारखून आणलेत. बाई आखूड खपवत होती, मी फसलो नाही."

अण्णांनी टेप गुंडाळून ठेवली. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"नगर जिल्ह्यात बसून समुद्राचं एवढं काय, अण्णा?"

"तुझी काकू दापोलीकडची." काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. "माहेरी घरामागेच कोळ्यांचे मासे वाळत असायचे. इथे आली तर तिला झोप येईना. म्हणायची, वारा आहे, पण त्याला वासच नाही. म्हणून मी पहिल्यांदा त्या बाजारात गेलो." पुढ्यातले बोंबील चाळत म्हणाले, "मासेच संपले तर तिच्या माहेरी तरी तो वास कुठून येणार?"

मग त्यांनी माझ्या पारखलेल्यांतला सगळ्यात लांब बोंबील खिडकीच्या गजाला टांगला, आणि वाऱ्याकडे तोंड करून पडून राहिले.