बबनरावांचा बॉयलर

कोपरगावात आमच्या शेजारी राहणारे बबनराव कुणालाच "बरं आहे का?" असं विचारत नाहीत. ते विचारतात, "बॉयलर कसा हाय?" परवा एका लग्नात त्यांनी हे थेट नवरदेवालाच विचारलं.

साखर कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या पत्नी सुमनबाई मोरीत पाय घसरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झाली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मी हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते, म्हणून बबनराव रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आले.

"म्याडम, हाड म्हंजी काय, ते बैजवार सांगा."

मी सांगितलं. हाड जिवंत असतं. ते बांधणाऱ्या पेशी आधी कच्च्या असतात, मग तयार होतात. त्यासाठी लागणारी ताकद पेशीतले मायटोकाँड्रिया पुरवतात. ती तयार करताना काही उपद्रवी कणही निघतात. ते फार झाले की पेशीला इजा होते. अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात.

बबनराव मग म्हणाले, "म्हंजी पेशी गवंडी, तिच्या पोटात बॉयलर, आन् धूर गवंड्याच्याच डोळ्यात. एवढं सोपं असून तुमी पोरं नापास कशापायी करता?"

आवळ्यात अँटिऑक्सिडंट असतात, हेही त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत आलेला पोस्टमनही आवळा चघळतच परत जातो.

पुढे बबनरावांनी मोबाईलवर जाहिरात बघून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांच्या तीन बाटल्या मागवल्या. डॉक्टरांनी त्या बंद करायला सांगितल्या. थोडे कण पेशीलाही लागतात, म्हणाले. सगळेच पुसून टाकले तर हाड बांधायचं काम अडू शकतं. आता हे डॉक्टरांशी वाद घालणार, असं मला वाटलं. पण बबनरावांनी मान डोलावली. "बराबर हाय. चिमणीतनं धूरच न्हाई, म्हंजी कारखाना बंद."

मागच्या आठवड्यात सुमनबाई उजव्या हाताने भरलेली बादली उचलताना मला दिसल्या. मला पाहताच त्यांनी बादली खाली ठेवली आणि मनगट चोळायला लागल्या.

त्याच संध्याकाळी बबनराव ओट्यावर पेरू चिरत बसले होते. सुमनबाई मीठ आणायला आत गेल्या, तशी मी म्हणाले, "बबनराव, त्यांचा हात चांगला झालाय की."

"ठाऊक हाय," ते हळूच म्हणाले. "पन तिला बोलू नका. दुखतंय म्हनती, तवर शेजारी बसती, माज्या हातचं खाती. तीस वर्षं पाळीवरनं आलो की नुसता झोपत हुतो, म्याडम. तिला पेरू आवडतो, पर बिया आवडत न्हाईत, हे मला आत्ता कळलं."

आणि सुरीच्या टोकाने ते एकेक बी काढू लागले.