चक्करवाल्या डॉक्टरांची चक्कर

माणूस दोन पायांवर उभा राहिला तेव्हा संस्कृतीला सुरुवात झाली आणि तो दोन चाकांवर बसला तेव्हा ती पूर्णत्वाला गेली. हे वाक्य डॉक्टरांनी रविवारच्या भाषणासाठी तयार केलं होतं. आरशासमोर ते पहिल्यांदा म्हणून पाहिलं, तेव्हा त्यांनी एका हातानं वॉशबेसिन घट्ट धरलं होतं.

डॉक्टर तसे कानाचे. पण माणसाला ऐकू का येत नाही यापेक्षा त्याला गरगरतं का, याचंच त्यांना जास्त कुतूहल. त्यामुळे सगळं गाव त्यांना 'चक्करवाले डॉक्टर' म्हणून ओळखायचं. चक्कर आली की माणूस घाबरतो, घाबरला की घरात बसतो आणि तो घरात बसला की घरातल्यांना चक्कर येते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आपल्या बऱ्या झालेल्या पेशंटांचं एक सायकल मंडळ काढलं होतं. दर रविवारी मंडळ डॉक्टरांच्या मागे ओळीनं निघायचं आणि वर्षातून एकदा तळ्यापर्यंत लांबची फेरी व्हायची. तिचा फोटो वर्तमानपत्रात येई. खाली ओळ असे, 'कालपर्यंत भिंत धरून चालणारे आज सायकलवर!'

गेल्या काही रविवारांपासून मात्र ओळीतल्या पहिल्याच माणसाचं काही खरं नव्हतं. घर ते दवाखाना सायकल सुतासारखी सरळ जायची. पण गाव मागे पडलं की रस्ता एका बाजूनं कुणीतरी उचलल्यासारखा व्हायचा. झाडं जागा सोडायची. मैलाचा दगड एकाऐवजी दीड दिसायचा. मग डॉक्टर खाली उतरायचे आणि मागच्यांना संशय नको म्हणून चाकातली हवा दाबून बघायचे.

"याला म्हणतात शिस्त," ओळीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई इतरांना सांगायच्या. "हवा तपासल्याशिवाय माणूस पुढे जात नाही."

"अहो, कुणाला तरी दाखवा," बायको म्हणाली. ती कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. तिच्याशी वाद घालणं म्हणजे तिची उजळणी करून देणं.

"मी कुणाला दाखवणार? जगाला चक्कर आली की जग मला दाखवतं."

"मग जगाला जे जमतं ते तुम्हाला का जमू नये?"

"अगं, न्हाव्याचंच डोकं विस्कटलेलं दिसलं तर दुकानात कोण जाईल?"

"न्हावीसुद्धा दुसऱ्या न्हाव्याकडे जातो. स्वतःच्या मानेमागे कुणाचा हात पोचत नाही."

डॉक्टरांनी डोक्यावर टोपी चढवली, बस पकडली आणि पलीकडच्या शहरातल्या एका तरुण फिजिशियनकडे जाऊन आपण इमारतींचे कंत्राटदार असल्याचं सांगितलं. फिजिशियन मोठा कनवाळू होता. त्यानं छाती, नाडी, रक्तदाब, साखर, सगळं पाहिलं.

"ठणठणीत आहात काका."

'काका' डॉक्टरांना लागलं. पण कंत्राटदाराला लागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मग चक्कर कशानं येते?"

"ते काम नाजूक. कुठले म्हणालात तुम्ही?" डॉक्टरांनी, खोटं सुचेना म्हणून, खरं गाव सांगितलं. फिजिशियननं कपाळाला हात लावला. "कमाल करता! तुमच्या गावात एवढा देवमाणूस बसलाय आणि तुम्ही धूळ खात इथवर आलात? काखेत कळसा नि गावाला वळसा! थांबा, आत्ता फोन लावतो."

त्यानं फोन लावला. डॉक्टरांच्या खिशात फोन वाजू लागला.

"घ्या ना काका, तुमचा वाजतोय."

"राहू दे. घरचा असेल."

"इकडेही कुणी उचलत नाहीये." त्यानं पुन्हा लावला. खिसा पुन्हा वाजला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी दाबून धरला, तर आवाज बंद होण्याऐवजी पोटातून आल्यासारखा येऊ लागला.

"घरचे फारच आठवण काढतायत तुमची," फिजिशियन हसला. "हे नाही उचलत. मोठा माणूस, पेशंटच्या गराड्यात असणार."

"असणार," डॉक्टर म्हणाले.

मग त्यानं दवाखान्यात फोन करून तिथल्या रिसेप्शनिस्ट बाईंकडून शनिवारचा पहिला नंबर घेतला. "काम झालं! आणि हो, चुकवू नका बरं का. वेळ न पाळणारे पेशंट त्यांना अजिबात खपत नाहीत."

हे खरं होतं.

शनिवारी रिसेप्शनिस्ट बाई तणतणत आत आल्या. "सर, पहिला नंबर कंत्राटदाराचा आणि बाहेर चिटपाखरू नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी शब्द टाकला, पण लोकांना कशाची म्हणून किंमत नाही."

"येईल तो. तुम्ही दार लावून घ्या."

दार लागल्यावर डॉक्टर टेबलाला वळसा घालून पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसले. इथून खोली वेगळीच दिसत होती. भिंतीवरच्या पदव्या डोळ्यांवर चमकत होत्या. टेबलावरचा प्लॅस्टिकचा भलामोठा कान आपलं बोलणं ऐकून ते चारचौघांत सांगेल असा दिसत होता. डॉक्टर उठले. डोळे मिटून, हात पुढे करून उभे राहिले. फरशीच्या रेघेवरून चालले. बोट नाकाला लावलं. सगळं बरोबर. मग आपल्या खुर्चीत जाऊन त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय?" आणि उत्तर द्यायला पलीकडच्या खुर्चीत आले. प्रश्नाला इकडे, उत्तराला तिकडे, अशा खेपा घालता घालता त्यांना सायकलशिवायच गरगरलं.

अखेर टेबल धरून त्यांनी सल्ला दिला. "पाणी भरपूर प्या. मान हळू वळवा. मन खंबीर ठेवा." आणि नेहमीच्या मायाळू आवाजात पुढे विचारलं, "आता बरं आहे ना?"

"हो, हो, पुष्कळच," डॉक्टर पटकन म्हणाले, आणि मग आपण असं का म्हणालो, या विचारात पडले.

दार उघडलं. "सर, कुणाशी बोलताय?"

"कंत्राटदाराशी."

"कुठे आहेत?"

"गेले."

"मला न सांगता? मागच्या दारानं? आणि काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणाले."

त्या रात्री डॉक्टरांना झोप लागली नाही. आजारपणाचं त्यांना भय नव्हतं. पण उद्या सगळ्यांदेखत आपण आडवे झालो, तर भिंतीपासून ओढून काढलेली ही सगळी माणसं परत भिंतीला जाऊन चिकटतील, आणि मग एवढी वर्षं आपण केलं काय, या प्रश्नानं ते कूस बदलत राहिले. मान अर्थातच हळू वळवत.

रविवारी भाषण झालं. संस्कृतीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. फोटो निघाला आणि मंडळ तळ्याकडे निघालं. गाव संपलं, रस्त्यानं डावी बाजू उचलली, डॉक्टर सवयीनं उतरून चाकाकडे वाकले. तोच बेकरीवाले पुढे आले. ते मंडळातले सगळ्यात उत्साही सभासद.

"डॉक्टर, आज हवेची काळजीच सोडा! काल घरोघर फिरून सगळ्यांच्या चाकांत मी स्वतः टाइट हवा भरलीय. तुमच्यासुद्धा. वहिनींनी गेट उघडून दिलं."

"उपकार झाले," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा सायकलवर बसले. उतरायला आता कारण उरलं नव्हतं.

थोड्याच वेळात झाडं चालू लागली. डॉक्टर डावीकडे झुकले, सावरायला गेले ते उजवीकडे झुकले, पुन्हा डावीकडे. मागे मुख्याध्यापिका बाईंचं बारीक लक्ष होतं.

"नवा व्यायाम दिसतोय," त्यांनी मागे वळून, वर्गात सांगावं तसं सांगितलं. "डावीकडे... हं, आता उजवीकडे! मान हळू!"

सगळी ओळ डावी-उजवी करू लागली. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, एखादा अजगर पाणी प्यायला तळ्यावर निघालाय. समोरून दुधाची गाडी येत होती. ड्रायव्हरनं ती बाजूला घेऊन थांबवली आणि डोकं बाहेर काढलं.

"सकाळी सकाळी ढोसलीय काय सगळ्यांनी?"

"उपचार चालू आहेत!" बाई ठणकावून म्हणाल्या.

पुढच्या उजवीकडेला डॉक्टर डावीकडे परत आलेच नाहीत. रस्त्याकडेच्या कोरड्या चरात ते सायकलसकट उतरले आणि गवतावर आडवे झाले. मागोमाग बाई उतरल्या. मग बेकरीवाले. मग वीज कंपनीतले वायरमन. अवघं मंडळ एकामागून एक, शिस्तीत, चरात.

"आता काय करायचं, डॉक्टर?" बेकरीवाल्यांनी आडव्यानंच विचारलं.

डॉक्टर आभाळाकडे बघत होते. तेही फिरत होतं. "काही करायचं नाही," ते म्हणाले. "हा व्यायाम नव्हता. मला चक्कर येते. बरेच दिवस झाले. औषध सापडत नाही. तुम्हाला बरं करणाऱ्या माणसाला स्वतःला बरं करता येत नाही. झालं, सांगून टाकलं."

बाईंनी केसांत अडकलेलं गवत काढलं.

"मलाही येते," बाई हळूच म्हणाल्या.

"आत्ता?"

"नाही, आधीपासून. गेलीच नव्हती ती."

डॉक्टर उठून बसले. "अहो, तुम्हाला मी दर वेळी विचारायचो! तुम्ही म्हणायचात, पुष्कळच बरं आहे!"

"आता तुम्ही इतक्या मायेनं विचारायचात, 'आता बरं आहे ना?' तोंडावर नाही कसं म्हणणार? जन्मभर मुलांना सांगत आले, मोठ्यांचं मन मोडू नये."

"मी तर तुमच्या मागच्या चाकावरची नजर हलवत नाही," बेकरीवाले म्हणाले. "म्हटलं, डॉक्टर पडत नाहीत तोवर आपल्याला धोका नाही."

"मी खांबावर चढणं सोडलंय," वायरमन म्हणाले. "साहेबांना सांगितलंय, गुडघा दुखतो. त्यांनी मला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या गोळ्या चालू आहेत."

"पण मग एकमेकांना का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, बाकीचे सगळे बरे झालेत," बेकरीवाले म्हणाले. "आपल्याच कानात काहीतरी खोट. उगाच मंडळाच्या नावाला बट्टा कशाला?"

"मलाही तेच वाटलं!" बाई म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. हसता हसता त्यांना गरगरलं, म्हणून त्यांनी वायरमनचा खांदा धरला. वायरमननी बेकरीवाल्यांचा धरला. बेकरीवाल्यांनी बन वाटले. इतक्या वर्षांत मंडळ एवढं आनंदात कुणी पाहिलं नव्हतं. जो तो आपली चक्कर दुसऱ्याला वर्णन करून सांगत होता. "तुम्हाला झाडं हलतात का? मला विजेचे खांब." "अय्या, मला दोन्ही!"

डॉक्टर हातातला बन न खाता बसले होते. एकही नाही. एवढ्या वर्षांत एकही माणूस बरा झाला नव्हता. सगळे फक्त सुसंस्कृत होते.

सायकली हातात धरून सगळे पायी परतले. घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुमचं औषध कुणालाच लागू पडत नाही, आणि तुम्हालाही पडलं नाही. निदान सुसंगती तरी आहे," ती म्हणाली. तिच्या मनात धीर देणंच होतं.

सोमवारी डॉक्टर दवाखान्यात निघाले ते बोर्ड उतरवायला. रस्ताभर वाक्य जुळवत होते. गल्लीच्या वळणावर त्यांना दिसलं, की रांग जिन्यावरून खाली फुटपाथवर आलीय. बातमी पोचलेली दिसत होती. जाब विचारायला आलेत, त्यांनी ओळखलं, आणि खाली मान घालून ते जिना चढले. बाई पहिल्या, बेकरीवाले दुसरे, वायरमन तिसरे.

"या, बोला," डॉक्टर खचल्या आवाजात म्हणाले. "काय बोलायचं ते बोला."

"अजून गरगरतंय," बाई म्हणाल्या. "तपासता ना?"

"काल एवढं सगळं होऊनसुद्धा तुम्ही माझ्याकडेच आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग कुणाकडे जाणार?"

त्यांच्या तोलाचा डॉक्टर गावात दुसरा नाही, असं लोक म्हणत. खरं म्हणजे, गावात कानाचा दुसरा डॉक्टरच नव्हता.