बोबीने अन्न सोडलं

बोबीने अन्न सोडलं हे गल्लीला कळलं तो शुक्रवार होता. बूशाइब भट्टीत पाव सारत होता. मोरोक्कोतल्या अझम्मूर गावच्या त्या गल्लीतल्या बायका घरी कणीक मळून गोळे त्याच्याकडे भाजायला आणत, आणि गोळ्यांबरोबर बातम्याही. शेजारच्या लल्ला तामूने आपली गोळ्यांची फळी खाली ठेवली.

"बूशाइबभाऊ, तुमचा कुत्रा काही खात नाही म्हणे."

"कालपासून वाडग्याला तोंड लावलेलं नाही."

"महजूबासाठी झुरतोय बिचारा. मुकं जनावर, पण माया बघा." मग तिची नजर त्याच्या हाताशी असलेल्या ऑलिव्हच्या वाटीकडे गेली. "तुमचं बरंय. तुम्हाला घास जातो."

बूशाइबने वाटी बाजूला सारली.

महजूबा, त्याची बायको, हिवाळ्यात गेली. तेव्हा त्यानेही अन्न सोडलं होतं, पण त्याची बातमी झाली नव्हती. उलट लोकांनी रागावून त्याला जेवायला बसवलं होतं. आता कुत्र्याने एका वाडग्याकडे पाठ फिरवली, तर न्हावी मआती गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून बघायला आला.

बोबी दाराशी आडवा पडला होता. मआतीने त्याच्या नाकाला बोट लावलं.

"नाक कोरडं आहे. शेपूटही हलवत नाही. आणि उसासा कसा टाकतो, ऐका. याला म्हणतात प्रेम."

"उसासे मीही टाकतो," बूशाइब म्हणाला.

"तुम्ही भट्टीपुढे उभे असता. धाप लागणारच."

बूशाइबला ते फार लागलं. जातानाही महजूबाने नाव घेतलं होतं ते बोबीचं. 'बोबीला सांभाळा,' एवढंच म्हणाली होती. नवऱ्याला कोण सांभाळणार हे सांगायचं तिला सुचलं नव्हतं. तेव्हापासून ते त्याच्या मनात होतं. आता शोकातही कुत्रा पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारचं जेवण बंद केलं. गल्लीला दिसावं म्हणून भाकरीचा डबा उघडून समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला. कोणी बघितलं नाही. संध्याकाळी उपाशीपोटी त्याला गरगरलं, तो भिंतीला टेकला आणि तेवढ्यात निम्म्या गल्लीचे पाव करपले.

"असू द्या हो," लल्ला तामू काळा पाव उचलत म्हणाली. "कुत्र्याच्या काळजीने तुमचं लक्ष लागत नाही, कळतं आम्हाला."

तिसऱ्या दिवशी मात्र बोबी उठेचना. हाक मारली तरी नुसता डोळा उघडून मिटला. बूशाइबचा हेवा जिथल्या तिथे गळाला. 'सांभाळा' म्हणून गेलेल्या बाईला उद्या काय तोंड दाखवायचं? त्याने बोबीला पाव न्यायच्या हातगाडीत घातलं आणि धापा टाकत जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर गिझलानने बोबीच्या हिरड्या बघितल्या, ताप बघितला, मग पोट दाबलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काका, हा काय खातो?"

"काहीच नाही. दुःख झालंय त्याला. बायको गेली माझी."

तिने उलटीची सुई दिली आणि बोबीला बादलीपाशी धरलं. थोड्या वेळाने बोबीने सगळं ओकून टाकलं. गिझलानने बादलीत वाकून बघितलं.

"काका, या दुःखात गाजर आहे. रव्याचं कुसकुस आहे, हरभरे आहेत. ही बहुतेक कलेजी." तिने हात धुतले. "हा उपाशी नाही, ठासून भरलाय. अजून दोन दिवस असाच राहता तर गेला असता. आता फक्त मऊ भात, तोही थोडा. आणि तुमच्याशिवाय कोणी घास घालायचा नाही."

बूशाइबच्या अंगात बळ आलं. हातगाडी ढकलताना तो मनात वाक्य जुळवत होता. झुरत होता ना? या, बादली बघा.

गल्लीच्या तोंडाशीच लल्ला तामूने त्याला बाजूला घेतलं.

"कोणाला सांगू नका हं. दान बोलून दाखवलं की पुण्य जातं. महजूबा स्वप्नात आली होती माझ्या. तेव्हापासून तिच्या नावाने बोबीला रोज कुसकुस घालते. बरा होईल ना तो?"

बूशाइबचं वाक्य ओठांवरच राहिलं. पुढे मआतीने त्याला दुकानाच्या पडद्यामागे ओढलं. मआती बोबीला कलेजी घालत होता, महजूबाच्याच नावाने, आणि हे त्याच्या स्वतःच्या बायकोलाही माहीत नव्हतं. घरापर्यंत पोचेतो आणखी चार जणांनी त्याच्या कानाशी लागून असंच काहीबाही सांगितलं.

दार लावून बूशाइबने विचार केला. खरं सांगावं, तर सगळे ओशाळतील आणि तिच्या नावाचं ताट उद्यापासून गल्लीत कुठे निघणार नाही. न सांगावं, तर कुत्रा मरेल. शेवटी त्याने प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मन मोडलंय त्याचं. घास माझ्याच हातून जायला हवा. ताट माझ्याकडे द्या."

ताटं येऊ लागली, झाकून, गुपचूप, एकामागून एक. महजूबाच्या नावाचं अन्न टाकून कसं द्यायचं? बोबीला मऊ भात घालून बूशाइब ती ताटं स्वतः संपवत बसे.

उन्हाळा लागेपर्यंत बोबीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि बूशाइबला सदऱ्याची बटणं लावता येईनात.

"कुत्रा बघा, झुरून झुरून अर्धा झाला," लल्ला तामू भट्टीवर म्हणाली.

"आणि नवरा बघा," मआती म्हणाला.

बूशाइब पाव सारत राहिला. त्यांना खरं सांगायचं अजून राहिलं आहे.