अर्ध्या तासाचं गाव

"माहा खेळ अर्ध्या तासात संपते," असं जीवनने छाती ठोकून सांगितलं होतं. सांगितलं कोणाला, तर जवाहरनगरच्या क्वार्टरांमधल्या आपल्या रविवारच्या मंडळाला. फॅक्टरीत नोकरी करणारी ही चार-पाच बाप्ये मंडळी सुट्टीच्या दिवशी कॉमिक्स वाचतात आणि पटावरचे खेळ खेळतात. नागपूरच्या पटखेळांच्या मेळाव्यात मंडळाचा एकच खेळ जाणार होता. अटही एकच, अर्ध्या तासात कोणीतरी जिंकलं पाहिजे.

जीवनने गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं आपलं गाव पटावर काढलं होतं. प्रत्येक घराची एक चौकट, थेट कॉमिक्ससारखी, माणसांच्या तोंडातून बोलण्याचे फुगे निघालेले. फासा टाकायचा, घरं ओलांडायची, एस.टी.च्या थांब्यावर पहिला पोचेल तो जिंकला. इतकं सोपं! चाचणीला त्याने आई विमलाबाई आणि काकू रत्नमालाबाई यांना बसवलं. मंडळाचा परीक्षक धर्मेंद्र घड्याळ लावून स्वतःही खेळायला बसला.

विमलाबाईंना पाच पडले, त्या निर्मलाबाईंच्या घरावर आल्या आणि तिथेच थांबल्या. पाळी आली तरी फासा उचलेनात. का, तर निर्मलाबाई चहा पाजल्याशिवाय कोणाला सोडत नसत! रत्नमालाबाईंची अडचण वेगळी. चार पडल्याने त्यांना देवाजीच्या अंगणात जावं लागत होतं, आणि देवाजीशी कुंपणाच्या भांडणावरून बोलणं बंद. त्यांनी तीनच घरं मोजली. मग चित्रात आपलं नाक एवढं मोठं का, यात दहा मिनिटं गेली. विहीर चिंचेच्या अलीकडे की पलीकडे, यात वीस. जीवन बिचारा विहीर पुसत आणि काढत बसला. धर्मेंद्रने दया येऊन आणखी अर्धा तास दिला, तो गावातल्या आनंदरावांच्या लग्नाच्या पंगतीच्या आठवणींत संपत आला.

शेवटी दैव धावून आलं. विमलाबाई थांब्याच्या एक घर अलीकडे, दोन मिनिटं शिल्लक, आणि फाशावर पडला एक! जीवन उठून उभाच राहिला. त्याला नागपूर दिसू लागलं.

विमलाबाईंनी गोटी उचलली आणि सरळ मागे, आपल्या घरावर नेऊन ठेवली.

"माय, उलटी काहून चालली? जितून राहिली होती ना तू!"

"एकदा निघालो बापा त्या गावातून. पानी आलं म्हनून निघालो," त्या म्हणाल्या. "आता फाशासाठी कायले निघू?"

रत्नमालाबाईंनीही आपली गोटी शेजारी आणून ठेवली. जीवन पुन्हा खाली बसला. नागपूर हातचं गेलं होतं. धर्मेंद्रने घड्याळ बंद केलं आणि कागदावर लिहिलं, विजेता कोणी नाही, खेळ नापास. मग थांब्याजवळची आपली गोटी हातात घेऊन तो जरा घुटमळला.

"काकू, मी तं क्वार्टरातच जन्मलो. मले गावच नाही. माही गोटी कोनाच्या घरी ठेवू?"

"आमच्या घरी ठेव," विमलाबाई म्हणाल्या आणि लेकाकडे वळल्या. "पन जीवन, घराले दार काढाचं विसरला तू. पाहुना आत येईन कसा?"

जीवनने पेन्सिलीला टोक केलं.