हक्काचे चार दिवस

आमच्या चिकलठाण्याच्या कॉलनीत माझ्याइतकी हुशार सून शोधून सापडायची नाही! सासूबाई आवडाबाई जुन्या वळणाच्या. पाळी आली की स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, हा घरचा कायदा. नवीन होते तेव्हा या कायद्यावर मी रडले, भांडले. पण पन्नाशी जवळ आली, पाळी गेली आणि कळलं, याच्यासारखी सोय नाही! मी आपली दर महिन्याला नेमानं बाजूला बसतच राहिले. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, आणि वर गॅसपुढे उभं राहायचं? त्यापेक्षा पंख्याखालची चटई बरी! भाकऱ्या आमचे पतिदेव काकासाहेब थापायचे. भाकरी कसली, मराठवाड्याचा नकाशाच! पण आयती.

शेजारच्या नजमाभाभी महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी 'पाळी जाताना' असा कार्यक्रम ठेवला. पाहुण्या डॉक्टरीणबाई आल्याच नाहीत.

"वहिनी, तुम्हीच बोला ना! तुमची जबान मस्त चालते!"

एवढी तारीफ झाल्यावर नाही कोण म्हणेल? जगाला उपदेश करायचा, स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवून मी माईक धरला.

"बायांनो, लाजू नका! मोकळं बोला!"

सगळ्यांचं लक्ष समोशांकडे. तेवढ्यात माझ्या अंगातून ती वाफ उसळली आणि डोकंच फिरलं.

"अगं, लाजायचं काय त्यात? माझी पाळी जाऊन दीड वर्ष झालं! घाम फुटतो, चिडचिड होते, उगाच रडू येतं. मी लाजते का?"

टाळ्यांचा कडकडाट! नजमाभाभींनी मिठीच मारली. एकेक बाई बोलायला लागली. कुणाला धडधड, कुणाला झोप नाही. खरं सांगते, मला भरून आलं.

मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"दीड वर्ष व्हय? मग मागल्या आठवड्यात चटईवर कोण लोळत व्हतं गं?"

बाहेर स्पीकर सांभाळत बसलेले काकासाहेब दारातून डोकावले.

"म्हणजे दीड वर्ष मी फुकटच भाकऱ्या थापल्या?"

"फुकट कशा? मी खाल्ल्या ना!"

सगळा हॉल खिदळला. काकासाहेब सोडून.

रिक्षात सासूबाई तोंड फिरवून बसल्या. घरी आल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. मी शिव्या खायच्या तयारीनं उभी.

"येडी गं येडी!" त्या हळूच म्हणाल्या. "मी साठीपर्यंत बसले बाजूला. माझ्या सासूला मरस्तोवर पत्ता लागला नाय!"

"मग आता हो, आत्याबाई?"

"आता काय? टाळ्या घेतल्या ना लई? थाप भाकऱ्या!"

थापल्या. अजून थापतेच आहे.