डावा, उजवा आणि कलम सत्तावीस

ऐनापुऱ्यांच्या घरातल्या दोन्ही स्पीकरांनी एकतीस वर्षं नोकरी करून जूनमध्ये राजीनामा दिला. राजीनामा रीतसर, महिन्याच्या मुदतीचा होता. कारणाच्या जागी एवढंच लिहिलं होतं की साहेबांना आमचं ऐकू येत नाही, सबब आम्ही थांबतो. अर्ज आईने लिहून दिला होता, कारण स्पीकरना हात नसतात.

साहेब म्हणजे अण्णा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क होऊन घरी आले त्याला आठ वर्षं झाली होती. हल्ली बातम्यांतली बाई पुटपुटते, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी त्यांनी बाईला दोष दिला, मग केंद्राला, मग स्पीकरना. त्यांचे कान गेले होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं, स्पीकरनाही. अण्णांना सांगायचं नाही, इतकंच ठरलेलं होतं.

सौमित्रला, म्हणजे त्यांच्या मुलाला, ह्या ठरलेल्याचा संताप यायचा. दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडून तो सांगलीला परत आला तेव्हा पाहुण्यारावळ्यांत कुणालाच काही ठरवून गप्प बसावंसं वाटलं नव्हतं. जो तो येऊन सोफ्यावर बसून, चिवडा खात, त्याच्या आयुष्याचं वाचन करून गेला. अण्णांच्या कानांबद्दल मात्र सगळे कसे सभ्य. ह्या पिढीने जन्मभर आपल्या कानांचं खापर दुसऱ्याच्या तोंडावर फोडलं, असं त्याचं मत होतं आणि ते तो बोलूनही दाखवायचा. अर्थात अण्णांना ते ऐकू जायचं नाही.

पण स्पीकर बदलायचे म्हटल्यावर तो हरखला. त्याला एक कॅसेट ऐकायची होती.

आईने लग्नाआधी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात एक भावगीत म्हटलं होतं, त्याची ही कॅसेट. सभागृह उठून उभं राहिलं होतं असं मावशी सांगायची. आई काही सांगायची नाही. सौमित्रने घरी आल्यापासून ती चारदा लावून पाहिली होती. चाकं फिरायची, डेकवरच्या सुया नाचायच्या, आणि स्पीकर गप्प. विचारलं की डावा म्हणायचा, "वय झालं, बाळ." उजवा त्याला दुजोरा द्यायचा. दुसरीकडे नेऊन ऐकायची सोय नव्हती. परक्या घरातल्या बाईचा आवाज काढायचा नाही, हा स्पीकरांचा जुना दंडक आहे आणि तो सगळ्या गावात पाळला जातो. त्यात फितीला बुरशी धरली होती. दुरुस्तीवाल्याने ती उजेडात धरून सांगितलं, "अजून दोनतीनदा वाजेल. मग विसरा."

तेव्हा सौमित्रने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर पाटी लावली: पाहिजेत, स्पीकर, एक जोडी, आवाज जिवंत असावा. अण्णांनी 'जिवंत' खोडून 'खणखणीत' केलं. सौमित्रने रात्रीतून पुन्हा 'जिवंत' केलं. जोड्या आल्या त्या दोन्ही शब्द वाचून आल्या.

मुलाखती रविवारी सकाळी झाल्या. उमेदवार टीपॉयवर, समोर खुर्चीत अण्णा, बाजूला सौमित्र, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत. जुने स्पीकर आपल्या जागी होते, पण मुलाखतीत बोलायचं नाही हे त्यांना कळत होतं. चाचणीसाठी कॅसेट लावू या, असं सौमित्र म्हणाला. अण्णा म्हणाले, चाचणी बातम्यांवरच होईल.

पहिली जोडी ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहातून आली होती. अण्णांच्या ओळखीची. तेरा वर्षांची नोकरी, एकही तक्रार नाही. त्यांनी बातम्या सुरू केल्या.

"धरणात... अहं... अहं... पाण्याचा, काय म्हणतात त्याला, साठा... माइक चालू आहे ना?"

"अनुभवी आहेत," अण्णा म्हणाले.

"अनुभव नाही तो, कफ आहे," सौमित्र म्हणाला. "तेरा वर्षं म्हाताऱ्यांची भाषणं ऐकवली की दुसरं काय होणार. त्यांचा दोष नाही."

जोडीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि आभाराचं छोटं भाषण केलं. ते अकरा मिनिटं चाललं.

दुसरी जोडी एसटी स्टँडवरची. त्यांचा आवाज इतका दांडगा की शोकेसमधल्या काचा थरथरल्या, पण एक शब्द कळेल तर शपथ. अण्णा खूश झाले. आई आत जाऊन पिशवी घेऊन आली, गाडी लागली असं समजून. पिशवी पाहून अण्णाही चपला शोधायला लागले. दोघांना परत बसवेपर्यंत बातम्या संपल्या होत्या.

तिसरी जोडी मिरज रोडवरच्या रसवंतीतून आली. उजव्याच्या जाळीत उसाचा चोथा अडकलेला होता आणि दोघांच्या अंगाला आल्या-लिंबाचा वास येत होता.

"आधीची जागा का सोडलीत?" अण्णांनी विचारलं.

"मालकाने कानात घालायची घेतली," नवा डावा म्हणाला. "आता तो एकटाच गाणं ऐकतो आणि रस काढतो. गिऱ्हाईक काय मागतंय तेही त्याला कळत नाही."

"काय?"

डाव्याने तेच पुन्हा सांगितलं, घुंगरं वाजवणाऱ्या चरकावरून हाक मारावी तसं. अण्णांनी मान हलवली. बऱ्याच महिन्यांनी त्यांची मान योग्य वेळी हलली होती.

"मोठ्यांचं ऐकता का?"

"ते आमच्याकडे नसतं, साहेब. आत जे येईल ते तसंच बाहेर देतो. मालकाची बायको त्याच्याबद्दल फोनवर बोलली आणि चुकून ते आमच्याकडे लागलं, तेही तसंच दिलं. आठ गिऱ्हाइकं होती."

"मग?"

"रसाला गर्दी वाढली, साहेब."

दारातून कुणीतरी हसलं. सौमित्रने वळून पाहिलं. आईने तोंडावर पदर धरला होता.

त्यांनी बातम्या वाचल्या. धरणातला साठा, शहराला एक दिवसाआड पाणी, उद्या ढगाळ. शब्दामागे बारीक घुंगरू वाजत होतं, ते सवयीने जाईल असं उजवा म्हणाला. "कशाला जायला पाहिजे," असं सौमित्र म्हणाला. अण्णा खुर्चीला टेकून ऐकत होते. "ही बाई नीट बोलते," ते म्हणाले. "जुन्या बाईला काढलं ते बरं झालं." नेमणूक झाली.

सौमित्रने त्याच मिनिटाला कॅसेट आत ढकलली. चाकं फिरली, सुया नाचल्या. नवे स्पीकर गप्प.

"काय झालं?"

"चार्ज घेतलेला नाही," नवा डावा म्हणाला. "चार्ज घेतल्याशिवाय घरचं काही वाजवता येत नाही. बातम्या चालतात, त्या बाहेरच्या."

सौमित्रने घाईने कॅसेट थांबवली. फितीची एक फेरी फुकट गेली होती. अण्णांच्या चेहऱ्यावर मात्र, नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच, आपलं ज्ञान कुणाला तरी लागतंय असं समाधान पसरलं. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "यादी करून, वाचून, सही करून. मी अडतीस वर्षांत कधी तोंडी चार्ज घेतला नाही. तुमच्या पिढीला घाई. म्हणून तुम्ही मधेच सोडून येता."

सौमित्रने कॅसेट डेकमधून काढून घेतली. चारच स्पीकर होते खोलीत, आणि चौघांनाही ते ऐकू गेलं होतं.

महिनाअखेरीला निरोप समारंभ झाला. जुन्या दोघांना शाल आणि नारळ दिला. अण्णांनी भाषण केलं, त्यात स्वतःच्या निवृत्तीबद्दल जास्त होतं. डावा थोडा खरखरला. मग चार्ज सुरू झाला. आईने कपाटातून वही आणली, लाल कापडी बांधणीची, आणि उजव्या स्पीकरने पाठ असलेली कलमं म्हणायला सुरुवात केली. सौमित्र वहीत बोट ठेवून पडताळत होता.

कलम एक, वीज गेली-आली तर आधी साहेबांची बातमी. कलम चार, साहेब फोनवर असतील तर आपोआप मंद. कलम नऊ, पाहुणे असतील तर शास्त्रीय. पाहुणे गेले की बंद. कलम चौदा, साहेबांच्या झोपेत खोकणं नाही. असं चाललं होतं. सौमित्र मनात म्हणत होता की हे घर नाही, कचेरीच आहे, एका माणसाच्या खुर्चीभोवती बांधलेली.

"कलम सव्वीस," उजवा म्हणाला. "वहिनींची कॅसेट. आवाज दहावरून तीनवर. शेजारी ऐकू जाऊ नये. सही, साहेबांची. लग्नानंतरचं तिसरं वर्ष."

"वाटलंच होतं," सौमित्र म्हणाला. त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा नारळ मोजत असल्यासारखे नारळांकडे पाहत होते. तिथे दोनच नारळ होते.

"कलम सत्तावीस. वहिनींची कॅसेट. आवाज तीनवरून शून्य. बारावीची परीक्षा आहे, हे रडगाणं बंद करा. सही."

उजवा तिथे थांबला. सौमित्रने वहीत पाहिलं. सही इंग्रजीत होती, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली, नुकतीच सही करायला शिकलेल्या पोराची. त्याचीच. त्याला आठवलंही नाही. आठवली ती परीक्षा, चौऱ्याण्णव टक्के आले होते. पेढे वाटले होते. त्या टक्क्यांवर कॉलेज मिळालं होतं आणि ते कॉलेज तो सोडून आला होता.

सहीच्या वरचा मजकूर त्याच्या अक्षरात नव्हता. दोन्ही कलमांचं अक्षर एकच होतं, गोल, सुबक, राजीनाम्याच्या अर्जावर होतं तेच.

"आई, हे तू लिहिलंस?"

"त्यांना हात कुठे आहेत," आई म्हणाली.

"पण तू लिहिलंस. 'रडगाणं' पण तूच लिहिलंस."

"तू म्हणालास तसं लिहिलं. मनाचं घालत नाही मी त्यात."

जुना डावा शालीखालून म्हणाला, "बाळ, आम्ही वय झालं म्हणायचो. वहिनींनीच तसं सांगितलं होतं. ते वहीत नाही, तोंडी होतं."

नवा डावा मधे पडला. त्याला घरातलं काही माहीत नव्हतं, त्यामुळे त्याला सोपं होतं. "पुढे चालू ठेवायचं का दोन्ही? रद्द करायचं तर ज्याचा हुकूम त्याचीच सही लागते. एकाचं दुसऱ्याला रद्द करता येत नाही."

सौमित्रने पेन मागितलं. आईने दिलं. त्याने सत्ताविसाव्या कलमावर आडवी रेघ मारली आणि सही केली. आता सही वेगळी येत होती, साधी, मराठीत. नवा डावा दोन्ही सह्या जुळत नाहीत म्हणून अडून बसला. माणूस तोच आहे का, असं त्याने आईला विचारलं. आईने थोडा वेळ घेतला. "तोच आहे," ती म्हणाली.

मग सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या खिशाला पेन होतं. घरातही ते खिशाला पेन लावूनच बसायचे.

"सव्विसावं काय वाईट आहे," अण्णा म्हणाले. "तीन म्हणजे पुरेसा असतो आवाज. बघू नंतर."

"बरं," आई म्हणाली.

चार्जवर सह्या झाल्या. नव्यांच्या वतीने आईने सही केली, जुन्यांच्या वतीनेही आईने केली. जुने दोघे शालीनारळासकट माळ्यावर राहायला गेले. सौमित्रने कॅसेट पहिल्यापासून गुंडाळून घेतली आणि लावली.

आवाज तीनवर होता. लांबून, दोन घरं सोडून कुणी गावं तसा. सौमित्र जमिनीवर, स्पीकरला कान लावून बसला. जाळीला अजून लिंबाचा वास होता. आतली मुलगी त्याच्यापेक्षा लहान होती आणि तिला कशाचीच भीती वाटत नव्हती. ती वरच्या सुरावर अशी गेली की खाली यायची तिला गरजच नव्हती. घुंगरू कुठेतरी मागे होतं, मधे येत नव्हतं. अंतऱ्यानंतर सभागृहात कुणीतरी ओरडून काहीतरी बोललं आणि ती गाता गाता हसली, त्या रविवारी दारात हसली होती तसंच. आई दारातच उभी होती. तिचे ओठ हलत नव्हते. बोट मात्र चौकटीवर ठेका धरत होतं.

अण्णा खुर्चीत डोळे मिटून मान डोलावत होते.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, त्याही तीनवर. फीत नुसतीच सरकत राहिली. आईचं बोट थांबलं. सौमित्र सरळ बसला. अण्णा अजून मान डोलावत होते.

बराच वेळ ते तसेच डोलावत होते. सौमित्रच्या तोंडात चांगली दोन वाक्यं तयार होती, धारदार, वर्षानुवर्षं घासलेली. त्याने आईकडे पाहिलं आणि वाक्यं गिळली.

"साहेब," नवा डावा म्हणाला. तो रसवंतीचा, त्याला जसंच्या तसं देण्याची सवय. "गाणं संपून तीन मिनिटं झाली."

तो जोरात बोलला होता. अण्णांची मान थांबली. त्यांनी डोळे उघडून आधी स्पीकरकडे पाहिलं, मग सौमित्रकडे, मग दाराकडे. दारात आई होती आणि तीही त्यांच्याकडेच पाहत होती. कुणीच काही सांभाळून घेतलं नाही.

"फीत अजून किती वेळा चालेल?" अण्णांनी विचारलं.

"एकदा," सौमित्र म्हणाला. मग त्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "एकदा चालेल, अण्णा."

अण्णांनी खिशातलं पेन काढलं. टोपण काढून ते तळहातावर चालतंय का पाहिलं. नोकरीत असल्यापासून ते सही करण्याआधी तसं पाहायचे. पेन चालत होतं. तरी त्यांनी आणखी एकदा रेघ ओढली, आणि आणखी एकदा.

आई वही घेऊन आली, सव्विसावं कलम उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली, आणि कॅसेट मागे गुंडाळायला सौमित्रला खूण केली.

"तुम्ही सावकाश करा सही," ती म्हणाली. "तोवर लावत नाही."