सुशीलाचे गुडघे आणि दोन थेंब

क्लोरीनबद्दल मला कुणी शिकवायला जाऊ नये. एकतीस वर्षं मी हैदराबादच्या पाणीखात्यात, प्रयोगशाळेत काढली आहेत. अर्धं शहर माझ्या नजरेखालून गेलेलं पाणी पिऊन ठणठणीत आहे. त्यामुळे आमच्या अजयनं काचीगुड्याच्या घरी मागच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवला, तेव्हा त्याचं पाणी राखायला माझ्याइतका लायक माणूस साऱ्या तेलंगणात नव्हता.

टब आणला सुशीलाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीच्या गुडघ्यांसाठी. वरच्या मजल्यावर अजय आणि सूनबाई केतकी राहतात. मध्ये सोळा पायऱ्या. दोन वर्षांत सुशीला एकदाही वर गेली नव्हती. मुलाच्या घरी बोलावणं आलं तरी आपण पाहुणी म्हणूनसुद्धा जाऊ शकत नाही, याचं तिला फार वाईट वाटायचं. डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं.

पण टब बघून ती म्हणाली, "रोज तेच साचलेलं पाणी? मी नाही बसायची."

"तेच, पण शुद्ध. माझी हमी."

"आणि बिघडलं तर?"

"तर टब उमाजींना देऊन टाकू."

उमाजी आमचे शेजारी, मूळचे बिदरकडचे. भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "हौ, चालतंय. मी कमळं लावतो त्यात."

मी कामाला लागलो. रोज सकाळी टबात मोजून क्लोरीन घालायचं. मग काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. जितकं गडद, तितकं जास्त. खात्यात हेच केलं, डोळे मिटूनही केलं असतं. बाराव्या दिवशी सुशीला कठडा धरून सात पायऱ्या चढली. मी खाली उभं राहून मोजल्या आणि जणू स्वतःच चढलो अशा थाटात उमाजींना सांगून आलो.

तेराव्या दिवशी पाण्याला भपकन वास मारला. पाणी गढूळलेलं, वर तेलकट तवंग. टब आतून निळा, त्यात पाणी हिरवट दिसायला लागलं. सुशीला डोळे चोळत बाहेर आली. "अहो, किती औषध ओतलंत?"

मी दोन थेंब टाकले. नळी गर्द पिवळी! म्हणजे क्लोरीन भरमसाट झालेलं. मी तीन दिवस क्लोरीन बंद ठेवलं. वास वाढला. नळी आणखी पिवळी. न घालता क्लोरीन वाढत होतं, असा चमत्कार मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. सुशीला पुन्हा खुर्चीवर जाऊन बसली आणि उमाजी कमळाचे कंद बादलीत घालून दारात हजर झाले.

"माधवराव, दिलेला शब्द हाय. आता नक्को म्हणू नका."

गलका ऐकून केतकी खाली आली. तिनं नळी हातात घेऊन ताजं पाणी भरलं.

"बाबा, थेंब टाकायच्या आधी कधी बघितलं का?"

बघितलं. थेंबांआधीच पाणी पिवळं होतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सुशीलाकडे बघितलं.

"मी हळदीचा लेप लावते की गुडघ्यांना," ती शांतपणे म्हणाली. "रोज, टबात उतरायच्या आधी."

"आणि धुवत नाहीस?"

"टबात धुतला जातोच. एवढं पाणी असताना वेगळं कशाला?"

सोळा दिवसांची हळद! क्लोरीन बिचारं रोज तिला खात खात संपलं होतं. भपका सुटतो तो क्लोरीन जास्त झाल्यावर नव्हे, थकल्यावर, हे मी नव्या पोरांना एकतीस वर्षं शिकवत आलो होतो.

"पण हा तवंग कसला?" केतकीनं विचारलं.

"हळदीत तेल असतंच," मी ताबडतोब सांगितलं. "आता आधी टब रिकामा करू."

टब घासला, भरला, क्लोरीन घातलं. 'पाय धुऊन उतरावे' अशी पाटी माझ्या अक्षरात लावली. आठव्या दिवशी सुशीला सोळाच्या सोळा पायऱ्या चढली आणि केतकीच्या स्वयंपाकघरात उभं राहून तिनं स्वतः चहा केला. तिचे डोळे भरून आले होते, माझेही. उमाजी कंद केव्हाच परत घेऊन गेले होते, पण चहाला हजर होते.

तवंगाचं तेवढं कुणी परत विचारलं नाही. बरंच झालं. दुपारी सगळे झोपले की तासभर त्या टबात कोण डुंबायचं, तेही डोक्याला खोबरेल तेल थापून, हे तुम्ही आमच्या घरी बोलू नका.